एका ओळीचा इतिहास

स्मरणिकेच्या समितीकडून तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी विचारलं, "आठवणीच हव्यात का? इतिहास चालेल?" पलीकडे क्षणभर शांतता. १९९७ च्या आपल्या दहावीच्या तुकडीत मला इतिहासात किती गुण पडायचे हे फोन करणारणीला चांगलं ठाऊक आहे, आम्ही एकाच बाकावर बसायचो. "कसला इतिहास?" तिने विचारलं. "कॉम्प्युटर बिघडतात त्याचा." "लिही बाई, पण मंडळींना कळेल असं लिही."

तर मंडळींना कळेल असं लिहिते.

इतिहासाच्या बाई 'इतिहासाची साधने' शिकवताना फळ्यावर तीन रकाने आखायच्या. भौतिक, लिखित, मौखिक. पहिल्यात नाणी आणि किल्ले, दुसऱ्यात ताम्रपट आणि बखरी, तिसऱ्यात पोवाडे आणि ओव्या. बखर हातात घेतली की ती कोणी लिहिली आणि कधी लिहिली हे आधी बघायचं, मग आत काय आहे ते, असं बाईंचं सांगणं असे. आपण ते दोन मार्कांसाठी पाठ केलं. बाई, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, माझी गेल्या वीस वर्षांची नोकरी त्या तीन रकान्यांवर चालली आहे. कंपनीचे सर्व्हर चालू ठेवणं हे माझं काम. सर्व्हर बंद पडला की पहिला प्रश्न असतो, काल चालत होता ना? मग कालपासून आजपर्यंत कोणी काय बदललं? हे इतिहासाचंच काम आहे, फक्त ते रात्री दोन वाजता आणि फोन कानाला लावून करावं लागतं.

आपल्या शाळेत तेव्हा दोन कॉम्प्युटर होते. त्यांच्यावर आवरण असे, चपला बाहेर काढाव्या लागत आणि की-बोर्ड हा आपण मुख्यतः वहीत काढून शिकलो. आपण नववीत असताना, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. माझी आणि लिनक्सची गाठ इंजिनिअरिंगला पडली. 'पीसीक्वेस्ट' मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची. होस्टेलवरच्या एका मैत्रिणीच्या मशिनवर ती चढवायला आम्हाला दोन रात्री लागल्या आणि तिसऱ्या रात्री कळलं की आतला मोडेम फक्त विंडोजशीच बोलतो. बिघाड शोधण्याचा नाद तिथून लागला.

लिनक्स हे युनिक्सच्या घराण्यातलं. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ते १९९१ मध्ये लिहायला घेतलं. आज तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या तळाशी लिनक्सच आहे. मूळ पुरुष युनिक्स मात्र १९६९ चा, अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या बेल लॅब्जचा. एक मोठा प्रकल्प कंपनीने सोडून दिल्यावर केन थॉम्प्सन यांनी कोपऱ्यात पडलेल्या पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर ते सुरू केलं. त्यांची बायको लहान मुलाला घेऊन काही आठवडे कॅलिफोर्नियाला सासरी गेली होती आणि त्या रिकाम्या आठवड्यांत बरंचसं काम उरकलं, असं ते स्वतःच सांगतात. (नवरा मुलाला घेऊन सासुरवाडीला गेला आणि बायकोने तेवढ्यात ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली, असं उदाहरण अजून माझ्या वाचनात आलेलं नाही.) पुढे डेनिस रिची त्यांना येऊन मिळाले.

मला या घराण्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे त्यांची पहिली पुस्तिका. तिच्यावर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. प्रत्येक कमांडला स्वतःचं पान, आणि पानाच्या शेवटी एक ठरलेला मथळा: 'बग्ज', म्हणजे दोष. ही कमांड कुठे चुकते, काय केलं तर कोलमडते, हे तिथे लिहिणाऱ्यानेच लिहून ठेवलेलं. मिक्सरच्या माहितीपत्रकात कंपनीने स्वतः 'ओल्या खोबऱ्याची चटणी यात नीट वाटली जात नाही' असं छापल्यासारखं हे होतं. त्याच्याच खाली आणखी एक मथळा: 'ओनर', मालक. त्यापुढे 'केन' किंवा 'डीएमआर' अशी नावं, म्हणजे थॉम्प्सन आणि रिची. दोष आणि त्याचा धनी एकाच पानावर, एकाखाली एक. पुढच्या काळात मालकाचा मथळा गेला, दोषांचा आजही बऱ्याच पानांवर आहे.

आता माझी गोष्ट. साल २००६, पुणे, मी पंचविशीत.

आमच्या एका ग्राहकाचे चार सर्व्हर एका डेटाबेसकडून माहिती घ्यायचे. ऑगस्टमधल्या एका रात्री तो डेटाबेस नव्या यंत्रावर हलवला, त्याबरोबर त्याचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी क्रमांक, बदलला. त्याच संध्याकाळी सर्व्हर रूममधल्या रात्रपाळीच्या मुलाने रॅकमधली काही यंत्रंही वरखाली केली होती. बारा वाजता सगळं सुरू केलं. तीन सर्व्हर चालले, चौथा डेटाबेसपर्यंत पोचेना.

इथे थोडं मागे जाते. कॉम्प्युटर एकमेकांना क्रमांकाने ओळखतात, माणसं नावाने. नावाचा क्रमांक कोणीतरी सांगावा लागतो. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटमध्ये हे काम एका फाइलवर चालायचं: जोडलेल्या यंत्रांची नावं आणि क्रमांक यांची यादी. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमधल्या एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती सांभाळत असे. मूळच्या त्या रसायनशास्त्राकडच्या. नवं यंत्र जोडलं की त्यांना कळवायचं, त्या यादीत भर घालणार, मग सगळ्यांनी ती ताजी यादी उतरवून घ्यायची. अवघ्या नेटवर्कची टेलिफोन डिरेक्टरी एका कार्यालयात! यंत्रं वाढली तशी यादी पुरेना. एकच नाव दोघांनी घ्यावं, कोणाकडे जुनीच यादी राहावी, असे घोटाळे व्हायला लागले. नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही नवी पद्धत मांडली. सगळी यादी एका जागी ठेवायची नाही. ज्याची नावं त्याने सांभाळायची आणि विचारलं की सांगायची. आजही तेच चालतं.

पण जुनी यादी मेली नाही. प्रत्येक लिनक्स यंत्रावर 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल अजून असते. आणि एरवी यंत्र नाव शोधताना आधी या घरच्या यादीत बघतं, तिथे नसेल तरच डीएनएसला विचारतं. चाचणीसाठी हे फार सोयीचं, एक ओळ लिहिली की काम झालं. फक्त ती ओळ नंतर पुसायची असते.

त्या रात्री मी घरून त्या चौथ्या सर्व्हरमध्ये शिरले. 'एनएसलुकअप' या कमांडने डेटाबेसचा पत्ता विचारला. उत्तर नवं आणि बरोबर. पुन्हा विचारलं, पुन्हा बरोबर. म्हणजे नाव ठीक, पत्ता ठीक, मग राहिली केबल. त्या यंत्राला दोन केबल होत्या, एकीवरून मी आत आले होते, दुसरी डेटाबेसकडे जायची. मी फोनवर सांगितलं, दुसरी केबल बघा. रात्रपाळीच्या मुलाने ती काढून लावली, मग बदलली, मग स्विचमधली जागा बदलली. काही फरक नाही. दोन वाजता आमचे साहेब त्याच्यावर ओरडायला लागले: संध्याकाळी तूच यंत्रं हलवलीस, कुठे काय ढिलं केलंस ते आठव. तो म्हणत होता, मी या यंत्राला हात लावलेला नाही. मी फोनवर गप्प होते.

तीन वाजता, दुसरं काही सुचेना म्हणून, मी सगळ्यात साधी परीक्षा केली. पिंग.

पिंगची कथा मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते. डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस हे अमेरिकी लष्कराच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेत होते. नेटवर्क विचित्र वागायला लागलं. त्यांनी एका रात्रीत सुमारे हजार ओळींचा प्रोग्राम लिहिला: समोरच्या यंत्राला हाक मारायची आणि ओ यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं पिंग. पहाटेच्या आत प्रोग्राम तयार झाला, पण पहिली हाक मारायच्या आधीच त्यांच्या एका सहकाऱ्याने बिघडलेला भाग शोधून दुरुस्तही केला होता! हे म्यूस यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्यांनीच लिहिलेला दुसरा किस्सा एका नेटवर्कवाल्याचा आहे. त्याने पिंगला आवाज दिला आणि तो खोलीतल्या स्टीरिओवर मोठ्याने लावला. यंत्र दर सेकंदाला "पिंग" ओरडत राहिलं आणि हा इमारतभर फिरून एकेक जोड हलवत गेला. ज्या जोडाला आवाज थांबला, तिथे बिघाड. म्यूस २००० साली मोटार अपघातात गेले.

पिंगचा एक गुण असा की हाक मारण्याआधी ते कुठल्या क्रमांकाला हाक मारतंय हे पडद्यावर छापतं. मी डेटाबेसला नावाने पिंग केलं. पडद्यावर आलेला क्रमांक जुना होता.

'एनएसलुकअप' थेट डीएनएसला विचारतं, घरच्या यादीकडे ढुंकूनही बघत नाही. पिंग मात्र बाकी सगळ्या प्रोग्रामांसारखं आधी घरच्या यादीत बघतं. तीन तास मी चुकीच्या साक्षीदाराला विचारत होते. होस्ट्स फाइल उघडली. तळाशी एक ओळ: जुना क्रमांक, डेटाबेसचं नाव, आणि पुढे शेरा, 'चाचणीसाठी, तात्पुरतं'. त्यापुढे मार्च २००६ ची तारीख आणि माझी आद्याक्षरं.

बाई, लिखित साधन. कोणी लिहिलं, कधी लिहिलं, सगळं होतं.

मी ती ओळ पुसली. चौथा सर्व्हर तत्काळ जोडला गेला. फोनवर सगळ्यांनी सुस्कारा सोडला. काय होतं, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "आता येतंय, बघते." सकाळच्या अहवालात मी लिहिलं: 'नेटवर्कची तात्पुरती अडचण.' दोष होता, मालक नव्हता. साहेबांनी त्याचा अर्थ केबल असाच घेतला, आणि दोन दिवसांनी त्या मुलाला आमच्या कामावरून काढल्याचं त्याच्या कंत्राटदाराने कळवलं. मी आणखी दोन दिवस घालवले. चौथ्या दिवशी साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी मला दोन शब्द सुनावले, ते रास्तच होते. माझी नोकरी गेली नाही. त्या मुलाला परत बोलावलं, पण तोवर त्याने दुसरीकडे काम धरलं होतं. मी नंबर मिळवून त्याला फोन केला, माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, केबल नव्हती हे मला माहीतच होतं." एवढंच म्हणून त्याने ठेवला.

त्यानंतर मी या क्षेत्राचा जुना इतिहास जरा वेगळ्या नजरेने वाचायला लागले. ऑक्टोबर १९८६ मध्ये बर्कलीतली प्रयोगशाळा आणि तिथलं विद्यापीठ यांच्यातलं नेटवर्क एकदम मंदावलं. अंतर ४०० यार्ड, म्हणजे आपल्या शाळेपासून एसटी स्टँडपर्यंत. वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला, म्हणजे सेकंदाला जेमतेम पाच इंग्रजी अक्षरं. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी कारण शोधलं. पोच आली नाही की प्रत्येक यंत्र पुन्हा पाठवायचं, त्याने गर्दी वाढायची, मग आणखी पोच हरवायच्या. निकालाच्या दिवशी फळ्यासमोर आपली जी चेंगराचेंगरी व्हायची, तीच. त्यांनी यंत्रांना शिकवलं की सुरुवात सावकाश करा आणि पोच हरवली तर मागे व्हा. कॅरल्स हे बर्कलीच्याच युनिक्सवर काम करणारे. आमचंच युनिक्स चुकीचं वागतंय का, असा प्रश्न त्यांनी १९८८ च्या निबंधात घातला आणि उत्तर 'हो' असं सरळ लिहिलं. मी तो निबंध तांत्रिक भागासाठी उघडला होता. त्या 'हो'पाशी बराच वेळ थांबले.

गेल्या वर्षी आपल्या तुकडीने शाळेला दहा वापरलेले कॉम्प्युटर दिले. दोन रविवार बसून मी त्यांवर लिनक्स चढवलं आणि नेटवर्क जोडलं. सातव्या कॉम्प्युटरला नेट येईना. आठवीतल्या एका मुलीने शोधून काढलं की मी त्याला आणि तिसऱ्याला एकच क्रमांक दिला होता. लॅबच्या कपाटात एक दोनशे पानी वही ठेवली आहे. आखलेले रकाने चार: तारीख, काय बिघडलं, कारण, कोणी केलं होतं. पहिली नोंद ऑगस्ट २००६ ची आहे, दुसरी सातव्या कॉम्प्युटरची. दोन्हीच्या चौथ्या रकान्यात माझं नाव आहे. पुढच्या नोंदी मुलांच्या आहेत, त्यांत चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा सोडलेला दिसतो. एके ठिकाणी मात्र 'मी' असं लिहिलंय, नाव नाही, अक्षर सहावी-सातवीचं वाटतं.

मेळाव्याच्या दिवशी अकरा ते एक लॅब उघडी राहील. जिना जुनाच आहे, कठडा तेवढा नवा बसवलाय. चपला बाहेर काढायची आता गरज नाही.