केस पिकणे : कल्पना व उपचार यांचा इतिहास

केसांचा नैसर्गिक रंग जाऊन ते पांढरे होण्याच्या क्रियेस मराठीत ‘केस पिकणे’ व आयुर्वेदात ‘पालित्य’ म्हणतात. फळाप्रमाणे केसही पिकतो, ही कल्पना केवळ भाषिक नाही. सुश्रुतसंहितेत पालित्याची गणना क्षुद्ररोगांत केली असून क्रोध, शोक व श्रम यांमुळे शरीरातील उष्णता व पित्त मस्तकात जाऊन केस पिकवितात, असे कारण दिले आहे. ‘हे केस उन्हाने पिकलेले नाहीत’ असे वडीलधारी माणसे म्हणतात, तेव्हा उष्णतेने केस पिकतात ही जुनी समजूतच त्यांनी गृहीत धरलेली असते.

नांदेड व लातूर (१९८२ पर्यंत तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग) या प्रदेशात पालित्यावरील उपचारांचे दोन प्रवाह आढळतात. पहिला आयुर्वेदाचा. त्यात माका, आवळा, त्रिफळा, नीळ व लोहचूर्ण यांचे लेप आणि तेले, तसेच नस्य (नाकात औषध सोडणे) सांगितले आहे. घरोघरी आवळा लोखंडी कढईत भिजवून केसांना लावतात. आवळ्यातील टॅनीन व लोह यांच्या संयोगाने काळे संयुग बनते. जुन्या काळ्या शाईचे तत्त्वही हेच होते. म्हणजे हा लेप केसास बाहेरून रंग देतो. मुळाशी नवा रंग उत्पन्न करीत नाही.

दुसरा प्रवाह युनानी वैद्यकाचा. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथे युनानी वैद्यकास राजाश्रय होता. खिजाब म्हणजे कलप. त्यासाठी प्रथम मेंदी व नंतर वसमा (निळीचा पाला) लावीत. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य केसांतील केराटिनाशी बद्ध होऊन तांबूस छटा देते. तीवर निळीचा थर बसला की केस काळसर दिसतात. नांदेड येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय असून आयुर्वेदीय व युनानी औषधे तयार करणारी शासकीय रसशाळाही आहे.

नांदेडला या विषयाची तिसरी बाजूही आहे. गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण १७०८ मध्ये येथे झाले व येथील हजूर साहिब शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे. केस हे शिखांच्या पाच ककारांपैकी एक असून ते ईश्वरदत्त रूपात राखावयाचे असतात. शीख रहत मर्यादेत दाढी रंगविणे हा दंडनीय दोष मानला आहे. त्यामुळे वैद्य, हकीम जे झाकू पाहतात, ते याच गावात धर्मनिष्ठेने उघडे ठेवले जाते.

एकोणिसाव्या शतकात कृत्रिम रंगांचा शोध लागल्यावर हे चित्र पालटले. १९०७ मध्ये फ्रेंच रसायनज्ञ यूजेन श्यूलेर यांनी केसांचा कृत्रिम रंग तयार केला. आजच्या बहुतेक काळ्या कलपांत पॅराफेनिलीन डायअमाइन असते. ‘काळी मेंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुडीतही ते पुष्कळदा आढळते. त्याने काहींना खाज, फोड व चेहऱ्यावर सूज येते. म्हणून वापरापूर्वी ४८ तास आधी कानामागे थोडे लावून पाहणे हिताचे असते. ते पोटात गेल्यास घसा व मान सुजून श्वास कोंडतो, स्नायू नाश पावतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. भारतात अशा विषबाधा नोंदल्या गेल्या असल्याने कलप मुलांच्या हाती लागू न देणे अगत्याचे ठरते.

केसाचा रंग मुळाशी असलेल्या मेलॅनीन निर्माण करणाऱ्या कोशिकांमुळे येतो. त्यांचा मूलकोशिकांचा साठा संपला किंवा निष्क्रिय झाला की पुढचा केस पांढराच उगवतो. याचे वय मुख्यतः आनुवंशिकतेने ठरते. भारतीयांत पंचविशीपूर्वी केस पिकल्यास ते अकाली समजतात. ब १२ जीवनसत्त्वाची न्यूनता व अवटू ग्रंथीचे विकार ही त्याची काही कारणे असून अशा रुग्णांत मूळ विकारावरील उपचाराने रंग काही प्रमाणात परतू शकतो. अकाली पिकलेल्या केसांमुळे विवाह जुळविताना तरुण-तरुणींना संकोच सोसावा लागतो. मात्र रक्ततपासणी करण्याऐवजी कलपाची पुडी आणली जाते व विकार तसाच राहतो.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत तीव्र ताणाने चेतातंतूंतून स्रवणारे नॉरॲड्रेनॅलीन या मूलकोशिका संपविते, असे दिसून आले. शोक व श्रम यांविषयीचे प्राचीन निरीक्षण त्यामुळे पुन्हा विचारार्ह ठरले आहे. पित्ताचे स्पष्टीकरण मात्र त्याने सिद्ध होत नाही. पिकणे थांबविणे व पिकलेले झाकणे या भिन्न गोष्टी होत. शतकानुशतकांच्या उपचारांनी मुख्यतः दुसरी साधली. पहिली अद्याप थोड्याच रुग्णांत साधते.