मोतीबिंदू पिकू द्यायचा काळ

‘अजून पिकला नाही, म्हणून थांबले होते,’ असं सांगणाऱ्या आज्या आजही माझ्यासमोर येऊन बसतात. ऑपरेशनआधी डोळा मोजायचं काम माझं. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या आईच्या काळी डॉक्टरच थांबायला सांगत. तेव्हा डोळ्यातलं गढूळ भिंग काढून टाकत, आणि ते पिकून घट्ट झालेलं असलं की काढणं सोपं जाई. त्या जागी काही बसवायचं नव्हतं, म्हणून आधी मोजायचंही फारसं नव्हतं. पुढे जन्मभर प्लस दहाच्या आसपासचा जाड चष्मा.

29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी पर्स्पेक्स या पारदर्शक प्लास्टिकचं भिंग एका बाईंच्या डोळ्यात बसवलं. आकार नैसर्गिक भिंगावर बेतलेला, पण पर्स्पेक्स प्रकाश जास्त वाकवतं. त्या बाईंचा नंबर मायनस अठराच्याही पुढे गेला. भिंग बसवता येतं हे सिद्ध झालं. कोणत्या नंबरचं बसवायचं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्यासाठी दोन मापं हवीत. कॉर्नियाची गोलाई मोजायचं यंत्र हेल्महोल्ट्झनी 1850च्या दशकातच बनवलं होतं. अडलं होतं ते डोळ्याच्या लांबीपाशी. 1956 साली मंट आणि ह्यूज यांनी डोळ्यात ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनी टिपले, तिथून डोळ्याची लांबी मोजणाऱ्या ए-स्कॅनची वाट निघाली. 1967 मध्ये फ्योदोरोव्ह यांनी नंबराचं गणित मांडलं. 1980चं एसआरके सूत्र तर आमच्या पिढीला तोंडपाठ: ए (त्या भिंगाचा ठरलेला स्थिरांक) वजा लांबीची अडीचपट, वजा गोलाईच्या नंबराची 0.9 पट.

सूत्र सोपं, माप अवघड. बधिर करणारे थेंब घालायचे, ‘आजी, समोर दिव्याकडे बघा, हलू नका’ म्हणायचं आणि ए-स्कॅनचा पेनासारखा प्रोब कॉर्नियाला नुसता टेकवायचा. दाबला की डोळा आखूड भरतो, सूत्र जास्त ताकदीचं भिंग सांगतं आणि माणूस उरलेलं आयुष्य मायनस नंबर घेऊन जगतो. मिलिमीटरचा दहावा भाग चुकला तरी पाव नंबर हलतो. शिकाऊ मुलींना मी म्हणूनच घाई करू देत नाही.

1999 मध्ये न टेकवता प्रकाशाने मोजणारं आयओएलमास्टर हे यंत्र आलं. कुठे दाब नाही, थेंबांची गरज नाही. पण पूर्ण पांढऱ्या मोतीबिंदूतून त्याचा प्रकाश पलीकडे पोचतच नाही. म्हणजे पिकेपर्यंत थांबलेल्या आजींना हे माप मिळत नाही; त्यांच्यासाठी मी पुन्हा प्रोबच हातात घेते.