रंगीबेरंगी, उठावदार विणीचा स्वेटर विणायचाय? आधी हा छोटा चौकोन विणा!

बार्शीची थंडी थोड्याच दिवसांची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी ऊन चटका देतं. म्हणून इथे जाडजूड लोकरीपेक्षा सुती किंवा सुती-अॅक्रिलिक मिश्र धाग्याचा पुलओव्हर जास्त सोयीचा. पुलओव्हर म्हणजे बटणं नसलेला, डोक्यावरून घालायचा स्वेटर.

चादरही विणतात, स्वेटरही विणतात. मग फरक काय?

सोलापूर जिल्ह्याला विणकाम नवं नाही. इथली चादर प्रसिद्ध आहे, दख्खनी मेंढीच्या खरखरीत लोकरीची घोंगडीही आहे. पण ते मागावरचं काम. त्यात उभा ताणा आणि आडवा बाणा एकमेकांत गुंततात. स्वेटरमध्ये मात्र एकाच धाग्याचे फास एकमेकांतून ओढले जातात. म्हणूनच स्वेटर ताणला जातो, आणि म्हणूनच त्याचं माप चुकायलाही वेळ लागत नाही.

उठाव येतो कसा?

सगळा खेळ दोनच टाक्यांचा: सुलट आणि उलट.

- साबुदाणा वीण: टाके विषम घ्या. प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू करून एक सुलट, एक उलट असं विणत जा. कापडावर साबुदाण्यासारखे दाणे उठतात.
- वेणी: सहा टाक्यांपैकी पहिले तीन तिसऱ्या सुईवर घेऊन समोर ठेवा. पुढचे तीन सुलट विणा, मग बाजूला ठेवलेले तीन विणा. दर सहा-आठ ओळींनी हेच करा. दोन्ही बाजूंना उलट टाके असले की वेणी उठून दिसते.

रंग कसे आणायचे?

नवशिक्यांसाठी सोपी युक्ती आहे. दोन ओळी लाल, दोन ओळी पिवळ्या विणा. पिवळ्या ओळीत मधले काही लाल टाके न विणता नुसते दुसऱ्या सुईवर सरकवा. ते वर येऊन नक्षी दिसते, आणि एका वेळी हातात एकच धागा राहतो.

चौकोन का विणायचा?

इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. समजा छातीचं माप ९० सेंमी आहे आणि सैलपणासाठी १० सेंमी जास्त हवेत, म्हणजे घेर १०० सेंमी. १० सेंमीत २० टाके बसतात असं धरून तुम्ही पुढचा-मागचा भाग मिळून २०० टाके घातले. पण तुमचा हात घट्ट असेल आणि १० सेंमीत २२ टाके बसत असतील, तर घेर भरतो जेमतेम ९१ सेंमी. महिनाभर विणलेला स्वेटर अंगाला आवळून बसणार!

त्यात वेणी कापड आत ओढते, सरकवलेले टाके उंची कमी करतात. म्हणून जी वीण वापरणार, त्याच विणीचा, त्याच सुयांवर साधारण १५ सेंमीचा चौकोन विणा. धुवा, सपाट वाळवा आणि मगच मधल्या १० सेंमीतले टाके मोजा. रंग एकमेकांना लागतो का, तेही तेव्हाच कळतं.

टाके जास्त भरले तर जाड सुई घ्या, कमी भरले तर बारीक. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकांत ८ नंबरची सुई ४ मिमीची, तर १० नंबरची ३.२५ मिमीची. म्हणजे नंबर मोठा, सुई बारीक!

पुढचा क्रम

पाठ, पुढचा भाग, दोन बाह्या आणि शेवटी गळा. खालची पट्टी बारीक सुयांवर एक सुलट-एक उलट विणा. गळ्याचे टाके सैल बंद करा, नाहीतर डोकं आत जाणार नाही. एका रंगाचा सगळा धागा एकदमच घ्या आणि लेबलवरचा लॉट नंबर जुळवा. वेगळ्या लॉटमध्ये रंगाची छटा बदलू शकते.

तयार झाल्यावर

स्वेटर दोरीवर टांगू नका. ओला सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने लांबतो. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट वाळवा. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवलीत, तर कष्टाने आणलेला उठाव कायमचा चपटा होईल.

चौकोनाला एक संध्याकाळ लागते. आख्खा स्वेटर उसवण्यापेक्षा ती नक्कीच परवडते!