नर झाडे का उपटत?

आंजर्ल्याच्या वाडीत बियांपासून लावलेल्या कोकमांपैकी साधारण निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळायला सहा-सात वर्षे, म्हणजे फुले येईपर्यंत, थांबावे लागते. भांगेतही नर आणि मादी झाडे वेगळी असतात. मात्र गांजा पिकवणाऱ्याला फळ नकोच असे.

हेम्प ड्रग्ज कमिशनने १८९३-९४ मध्ये ११९३ साक्षी नोंदवल्या. मुंबई इलाख्यात तेव्हा अहमदनगरकडे गांजाची शेती होई. फुलोऱ्याच्या सुमारास शेत पिंजून नर झाडे उपटली जात. पराग न मिळालेली मादी फुले बी धरत नाहीत. झाड नवी फुले आणि राळ तयार करत राहते. एक नर नजरेतून सुटला, की वाऱ्याने पराग शेतभर! कापलेला फुलोरा मग पायांनी तुडवून चपटा करत.

वनस्पतींतले नर-मादी कामेरारियसने १६९४ साली प्रयोगांनी मांडले. त्याआधी युरोपात भांगेच्या किरकोळ दिसणाऱ्या नर झाडालाच मादी म्हणत, बी दुसऱ्यावर धरलेले दिसत असूनही! नगरच्या शेतकऱ्याचे मात्र सारे पीकच या ओळखीवर अवलंबून होते.

वर्गात दाखवण्यासाठी पपई किंवा कोकमाची फुले आणावीत. १९८५ च्या कायद्यानुसार विनापरवाना गांजाचे एक झाड लावणेही गुन्हा आहे.