मुक्त संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर

मुक्त संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर म्हणजे माहितीचे सारणीकरण, आलेखन व विश्लेषण करणारे असे सॉफ्टवेअर, की जे विनाशुल्क मिळते आणि ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व वाटता येते. वैयक्तिक संगणकासाठी आर, पीएसपीपी, जामोवी, जास्प व ग्रेटल ही या वर्गातील परिचित नावे होत. ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द समानार्थी नाहीत. सशुल्क सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती मोफत असते, पण ठरावीक मुदतीनंतर ती बंद पडते. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणारी क्रॅक केलेली प्रत तर मोफतही नव्हे आणि मुक्तही नव्हे. ती बेकायदेशीर असते, तिच्यातून संगणकात विषाणू शिरण्याचा धोका असतो आणि प्रबंधात तिचा उल्लेख उजळ माथ्याने करता येत नाही.

प्रमुख पर्याय

आर ही संगणकभाषा न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केली. तिचा पाया बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ‘एस’ या भाषेत आहे. १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. स्वयंसेवकांनी लिहिलेली हजारो पूरक पॅकेजे तिला जोडता येतात. तिच्यात आज्ञा टंकाव्या लागतात, म्हणून आरंभी ती अवघड वाटते. मात्र टंकलेल्या आज्ञांची फाइल हीच विश्लेषणाची लेखी नोंद ठरते. परीक्षकाने वर्षभराने विचारले तरी प्रत्येक आकडा कोठून आला हे दाखवता येते. केवळ माऊसने केलेल्या कामात ही सोय सहसा राहत नाही.

पीएसपीपी हे ग्नू प्रकल्पातील सॉफ्टवेअर आहे. नावातच सुचवल्याप्रमाणे ते एसपीएसएसला पर्याय म्हणून तयार झाले. एसपीएसएसच्या फाइली ते उघडते, त्याची मांडणीही तशीच आहे आणि त्याला मुदत नाही. टी-चाचणी, काय-वर्ग चाचणी, प्रसरण विश्लेषण, समाश्रयण व घटक विश्लेषण एवढे त्यात होते. शिक्षणशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या बहुतेक पदव्युत्तर प्रबंधांना याहून अधिक लागत नाही.

जामोवी व जास्प यांत आज्ञा न टंकता काम होते. जामोवीची गणिते आतून आरच करते. जास्प अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात विकसित झाले असून बेझियन पद्धती हे त्याचे वैशिष्ट्य आहे. ग्रेटल अर्थमितीसाठी आहे. लिब्रेऑफिसमधील कॅल्क हे मुळात तक्तापत्रक होय. सरासरी, सहसंबंध व साध्या चाचण्यांसाठी ते पुरते.

उत्तरांतील फरक

दोन सॉफ्टवेअरची उत्तरे जुळली नाहीत म्हणजे त्यांतील एक चुकले असे नव्हे. ४, ६, ८, १०, १२ या पाच संख्यांचे पहिले चतुर्थक आर ६ देते, तर वेगळी व्याख्या वापरणारे सॉफ्टवेअर ५ देते. महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत एकूण पदांत एक मिळवून चाराने भागण्याची रीत शिकवली जाते, तिचे उत्तरही ५ येते. आरमध्ये चतुर्थकाच्या नऊ व्याख्या आहेत. न सांगता वापरली जाणारी सातवी आणि पाठ्यपुस्तकाशी जुळणारी सहावी. प्रमाण विचलनाचेही असेच आहे. वरील संख्यांचे विचलन पाचाने भागल्यास २.८३ व चाराने भागल्यास ३.१६ येते. आर चाराने भागते, म्हणजे संख्यांना नमुना समजते. कॅल्कमध्ये दोन्हींसाठी वेगळी सूत्रे आहेत. वापरलेले सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती व व्याख्या प्रबंधात नोंदवावी असा आग्रह धरला जातो, तो यासाठीच.

मराठी माहिती हाताळताना

निवडीची खरी कसोटी मराठीत भरलेल्या माहितीवर लागते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत तिची चर्चा क्वचितच असते. धाराशिव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेतील लोकसंख्या १६,५७,५७६ होती. ही संख्या देवनागरी अंकांत भरल्यास आर तिला संख्या न मानता मजकूर मानते. सीएसव्ही फाइलमध्ये तर अवतरणचिन्हे नसल्यास स्वल्पविरामांमुळे तिचे तीन रकाने होतात. म्हणून मूळ तक्त्यात अंक इंग्रजी व स्वल्पविरामांविना ठेवून देवनागरी रूप छापतानाच द्यावे.

नावांचा घोळ याहून मोठा आहे. लोहारा तालुका २०११ च्या तक्त्यांत उस्मानाबाद जिल्ह्याखाली, तर २०२३ च्या नामांतरानंतरच्या याद्यांत धाराशिवखाली आढळतो. दोन्ही तक्ते जिल्ह्याच्या नावावरून जोडल्यास एकाच जिल्ह्याचे दोन जिल्हे होतात आणि आठ तालुक्यांपैकी एकाचीही जोडी लागत नाही. त्यातच लोहारा नावाची गावे इतर जिल्ह्यांतही आहेत. जनगणनेतील स्थान-संकेतांकांवरून जोडणी केल्यास हा प्रश्न उरत नाही.

जुन्या कृतिदेवसारख्या टंकांतील मजकूर संगणकात रोमन अक्षरांच्या रूपात साठलेला असल्याने तो आधी युनिकोडमध्ये बदलावा लागतो. मराठी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये कधीकधी निरर्थक चिन्हांची दिसते. कॅल्क फाइल उघडतानाच लिपिसंकेत विचारते, त्यामुळे तेथे ती सहसा नीट उघडते.

संगणक व शिक्षणसाधने

आरची २०२२ मधील ४.२.० ही आवृत्ती विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांवर युनिकोड थेट वापरू लागली, त्यामुळे देवनागरीची अडचण बरीच कमी झाली. त्याच आवृत्तीपासून ३२-बिट विंडोजचा आधार मात्र थांबला. अशा जुन्या संगणकावर ४.१.३ पर्यंतचीच आवृत्ती चालते आणि तिच्यात मराठी अक्षरांच्या जागी पुष्कळदा कोनी कंसांतील संकेतांक उमटतात. त्या संगणकावर लिनक्स बसवल्यास ही अडचण येत नाही.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील फॉसी प्रकल्प शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा प्रसार करतो; आरचाही त्यात समावेश आहे. त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस कॅल्कचे दृक्श्राव्य पाठ मराठीतून मिळतात. ते उतरवून घेऊन इंटरनेटविना पाहता येत असल्यामुळे जोडणी अनियमित असलेल्या गावांतही त्यांचा उपयोग होतो.