पक्षीनिरीक्षणासाठी पहिली दुर्बीण: कमी पैशांत कोणती घ्यावी?

ताडोबा असो की भामरागड, पक्षी पाहायचे तर दुर्बीण हवीच. पण '५०×'सारखे मोठे आकडे पाहून खरेदी केली, तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त.

८×४२ म्हणजे काय?
८ म्हणजे पक्षी आठपट जवळ दिसतो. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते: सव्वापाच मिमी. खिशात मावणाऱ्या ८×२१मध्ये ती जेमतेम अडीच मिमी. उन्हात फरक जाणवत नाही. पहाटे बांबूच्या सावलीत मात्र रंगीबेरंगी नवरंगही काळपट दिसतो.

जास्त पट का नको?
पट वाढली की हाताची थरथर वाढते आणि दिसणारा भाग लहान होतो. स्वर्गीय नर्तक सापडेपर्यंत दुसऱ्या फांदीवर गेलेला असतो. इरई धरणाच्या मोकळ्या पाण्यावर १०×४२ चालते. झूमवाली टाळा.

बजेट कमी असेल तर?
सरळ नळ्यांच्या 'रूफ'पेक्षा बाहेर खांदे असलेली 'पोरो' दुर्बीण त्याच किमतीत सहसा स्वच्छ दाखवते. उदा. निकॉन ॲक्युलॉन ८×४२. ती जलरोधक नाही, म्हणून गडचिरोलीच्या पावसात जपा. चष्मा असेल तर 'आय रिलीफ' १५ मिमी किंवा जास्त असलेली दुसरी शोधा.

घेतल्यावर पहिलं काम
डावा डोळा मधल्या चाकाने, उजवा त्याच्या नेत्रिकेवरच्या कड्याने जुळवा. हे न केल्यास महागडी दुर्बीणही धूसरच दिसते.