भायखळा, नागपाडा, कामाठीपुरा : शेजारधर्म जपणाऱ्या संस्थांचा परिचय

मुंबईच्या मध्यभागी, रेल्वेमार्ग आणि बंदर यांच्या दरम्यान वसलेल्या भायखळा, नागपाडा, माझगाव आणि कामाठीपुरा या दाट वस्तीच्या परिसरातून आपल्यापैकी अनेकांचे येणे-जाणे होत असते. कुणी जे. जे. रुग्णालयात आप्तांना भेटावयास जातो, कुणी राणीच्या बागेत मुलांना नेतो, कुणी ग्लोरिया चर्चमध्ये विवाहास उपस्थित राहतो. मात्र या रस्त्यांच्या आतील गल्ल्यांमध्ये गेली अनेक दशके निराधारांच्या सोबतीला उभ्या असलेल्या संस्थांची ओळख फार थोड्या भाविकांना आहे. ती करून देण्यासाठी आम्ही हा माहितीलेख सादर करीत आहोत.

परिसराची पार्श्वभूमी

हा परिसर कष्टकऱ्यांनी उभा केला. आजच्या तेलंगण-आंध्र भागातून बांधकामासाठी आलेल्या कामाठी मजुरांवरून कामाठीपुऱ्याला नाव मिळाले. कापडगिरण्या आणि गोदी यांच्यामुळे कोकण, देश आणि गोवा येथून माणसे आली. जवळजवळ असलेली चर्च, मशिदी, मंदिरे आणि भायखळ्याचे १८६४ सालचे मागेन डेव्हिड सिनेगॉग ही या मिश्र वस्तीची साक्ष आहे. मूळचे १६३२ सालचे माझगावचे ग्लोरिया चर्च विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात भायखळ्यास नव्या वास्तूत आले. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर येथील असंख्य घरांची चूल मंदावली. या वस्तीचे दुःख मराठी साहित्यानेही नोंदविले. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ हा १९७२ सालचा काव्यसंग्रह याच भागाचे नाव धारण करतो.

कूड : गावकऱ्यांचा आधार

मदतसंस्था हा शब्द रूढ होण्यापूर्वीच आपल्या गोमंतकीय बांधवांनी ‘कूड’ ही व्यवस्था उभी केली होती. बोटीवर नोकरी मिळेपर्यंत किंवा शहरात जम बसेपर्यंत गावच्या माणसाला अल्प वर्गणीत निवारा मिळावा, हा तिचा हेतू. कूड एकेका गावाच्या नावाने चाले. एकाच मोठ्या खोलीत भिंतीलगत मांडलेल्या पेट्या, समोर वेदी आणि रोज संध्याकाळी एकत्र म्हटली जाणारी रोझरी, असे तिचे रूप होते. धोबीतलाव, माझगाव आणि डाबूळ येथे अशा अनेक कुडी होत्या. काही आजही तग धरून आहेत. आजारपणात कोण पाहील, मरण आले तर मूठमाती कोण देईल, या स्थलांतरिताच्या दोन मोठ्या चिंता कुडीने हलक्या केल्या.

घरभेटीची परंपरा

फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या तरुण मित्रांनी १८३३ मध्ये पॅरिस येथे सुरू केलेली सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी १८६३ मध्ये मुंबईत आली आणि येथूनच ती भारतात रुजली. ओझानाम यांना १९९७ मध्ये धन्यवादित घोषित करण्यात आले. या संघटनेचे वैशिष्ट्य पैशांच्या वाटपात नसून भेटीत आहे. दोन सभासद गरजू कुटुंबाच्या घरी जातात, बसतात, ऐकतात आणि मगच शिधा, औषध किंवा शाळेची फी यांचा विचार करतात. गरजूला रांगेत उभे न करता आपणच त्याच्या उंबरठ्यावर जावे, ही दृष्टी आमच्या मते आजही तितकीच मोलाची आहे.

नागपाडा नेबरहुड हाऊस

अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२६ मध्ये नागपाड्यात हे ‘शेजारगृह’ स्थापन केले. गरीब वस्तीच्या मधोमध राहून, धर्म वा जात न पाहता तेथील रहिवाशांसोबत काम करावे, ही त्यामागील कल्पना. मात्र केवळ सद्भावना पुरत नाही, सेवेलाही शिक्षण लागते, हा धडा येथे मिळाला. त्यातूनच १९३६ मध्ये नागपाड्यातच सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. त्याचे पहिले संचालक मॅनशार्ट हेच होते. देवनारची आजची ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्था’ ती हीच. पुढे १९५५ मध्ये डॉटर्स ऑफ द हार्ट ऑफ मेरी या संघाच्या धर्मभगिनींनी निर्मला निकेतन हे समाजकार्य महाविद्यालय मुंबईत उघडले.

संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवादेखील टाटा संस्थेचा प्रकल्प म्हणूनच १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली. २०२३ पासून ती शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाते. हा क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असावा.

आशादान

भायखळ्याच्या सांकली स्ट्रीटवरील ‘आशादान’ हे मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाचे घर १९७६ पासून सुरू आहे. त्याची जागा हिंदुस्तान लीव्हर या कंपनीने उपलब्ध करून दिली व वास्तूच्या देखभालीचा भारही उचलला. टाकून दिलेली बालके, दिव्यांग मुले, निराधार स्त्रीपुरुष आणि एचआयव्हीबाधित रुग्ण अशा तीनशेहून अधिक जणांची सेवा येथे एका वेळी होत आली आहे. एचआयव्हीच्या नावानेही लोक दूर सरत होते, त्या काळात या घराने अशा रुग्णांना अखेरच्या दिवसांत अंथरूण, अन्न आणि हाताचा स्पर्श दिला. संघाच्या संस्थापिका मदर तेरेसा यांना ४ सप्टेंबर २०१६ रोजी संतपद बहाल करण्यात आले.

फुटपाथवरील भगिनींची संघटना

भायखळ्याच्या पदपथांवर झोपड्या बांधून राहणाऱ्या कुटुंबांमध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने १९८४ मध्ये काम सुरू केले. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, परंतु नोटीस देऊन झोपड्या हटविण्यास मुभा दिली. तेव्हा संस्थेने पदपथवासीयांची गणना केली. सुमारे सहा हजार कुटुंबांची नोंद झाली. ही माणसे कामाच्या ठिकाणाजवळ राहता यावे म्हणून पदपथावर राहतात, आळसामुळे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९८६ मध्ये याच स्त्रियांची ‘महिला मिलन’ ही संघटना उभी राहिली. जोकीन अर्पुथम यांच्या नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशनशी तिचे सख्य जुळले. (अर्पुथम यांचे २०१८ मध्ये निधन झाले.) रोज दारोदार जाऊन थोडीथोडी बचत गोळा करणे, अडीअडचणीला त्यातून कर्ज देणे आणि पोलीस ठाण्यात वा रेशन कार्यालयात एकटीने न जाता मिळून जाणे, ही तिची रीत. आपले घर कसे असावे हेही या स्त्रियांनीच ठरविले. चौदा फूट उंचीची खोली, म्हणजे आत पोटमाळा घालता येईल! पुढे पदपथवासीयांपैकी काही कुटुंबांना मानखुर्द येथे पक्की घरे मिळाली.

कामाठीपुऱ्यातील मुले

देहविक्रयात अडकलेल्या स्त्रियांच्या मुलांसाठी रात्र हा सर्वांत धोक्याचा काळ. ‘प्रेरणा’ या १९८६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९८८ मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रनिवारा सुरू केला. सायंकाळी मुले येतात, जेवतात, अभ्यास करतात, निर्धास्त झोपतात आणि सकाळी शाळेत जातात. आईच्या वाट्याला आले ते मुलीच्या वाट्याला येऊ नये, हाच त्याचा उद्देश. ‘अपने आप विमेन्स कलेक्टिव्ह’ ही संस्थादेखील १९९८ पासून या भागातील स्त्रिया व मुलींसाठी कार्य करीत आहे.

२०२० चा धडा

कोविडच्या पहिल्या काही महिन्यांत हा परिसर मुंबईतील अधिक बाधित भागांपैकी एक होता. कमाई थांबली आणि शिधापत्रिका नसलेल्यांची उपासमार सुरू झाली. २९ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्राचा आग्रह न धरता कोरडा शिधा देण्याचे निर्देश राज्यांना दिले. मे २०२२ मध्ये त्यांना आधार कार्ड मिळण्याचा मार्गही न्यायालयाने मोकळा केला. भूक ही अनेकदा धान्याच्या अभावाने नव्हे, तर कागदाच्या अभावाने येते, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानी आले.

आज हाच प्रश्न नव्या रूपाने उभा आहे. कामाठीपुऱ्याच्या समूह पुनर्विकासाची योजना शासनाने हाती घेतली आहे. जीर्ण इमारती जाऊन चांगली घरे येणे हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्यांच्या नावावर भाडेपावती आहे त्यांना घर मिळेल. खाटेचे भाडे भरून राहणारी स्त्री आणि तिचे मूल कोठे जाईल? वस्ती पांगली की तिच्यासोबत उभी राहिलेली शेजारगृहेही पांगतात. मूल शाळेतून गळते, रुग्णाचे औषध चुकते आणि बचत गटाची वही बंद पडते. म्हणून या संस्थांना येत्या काळात आपल्या आधाराची अधिक गरज भासणार आहे.

आपण काय करू शकतो?

वस्तू देण्यापूर्वी संस्थेला गरज विचारावी. जुन्या कपड्यांच्या ढिगापेक्षा औषधे वा शाळेची फी अधिक उपयोगी पडू शकते. वर्षातून एकदा नाताळच्या सुमारास मोठी देणगी देण्यापेक्षा दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. आपल्या धर्मग्रामातील शिक्षक, परिचारिका, वकील यांनी आठवड्यातील काही तास द्यावेत. आधार, जन्मदाखला आणि शिधापत्रिका यांचे अर्ज भरून देणे, हीदेखील मोठी सेवा आहे. मुलांची छायाचित्रे काढून प्रसिद्ध करणे मात्र कटाक्षाने टाळावे.

चांगल्या शोमरोनीची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. तो जखमी माणसापाशी थांबला, त्याला सराईत घेऊन गेला आणि पुढील खर्चाचीही हमी देऊन गेला. भायखळ्यातील या संस्था आमच्या दृष्टीने तशा सराया आहेत. त्या उघड्या राहाव्यात, यासाठीची हमी आपण सर्वांनी मिळून द्यावयाची आहे.